‘चार्ज’ : एका शब्दाचे ओझे

(शासकीय पत्रव्यवहार व प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या अधिकारी व कर्मचारी वर्गासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही सरकारी कचेरीत सकाळी पाऊल टाकावे आणि सायंकाळपर्यंत एक इंग्रजी शब्द निदान दहा वेळा कानांवर पडावा, अशी आजची स्थिती आहे. तो शब्द म्हणजे ‘चार्ज’. बदली होऊन आलेले अधिकारी ‘चार्ज’ घेतात, जाणारे अधिकारी ‘चार्ज’ देतात, आणि रजेवर गेलेल्यांचा ‘चार्ज’ शेजारच्या टेबलावर येऊन पडतो. एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती ‘चार्जशीट’ येते आणि कचेरीत कुजबुज सुरू होते. लेखा शाखेत ‘चार्ज्ड’ खर्चाचे आकडे वेगळे मांडले जातात. विजेच्या देयकावर नाना प्रकारचे ‘चार्जेस’ असतात. बाहेर मोर्चा अनावर झाला तर ‘लाठीचार्ज’ होतो. आणि या सर्व गडबडीत खिडकीजवळच्या तारेला लावलेला मोबाइलही शांतपणे ‘चार्ज’ होत असतो.

इतकी सारी कामे करणारा हा एकच शब्द इंग्रजी पत्रातून मराठी पत्रात उतरवावयाचा झाला, म्हणजे लेखकाची खरी परीक्षा होते. कोश उघडावा, तर तेथे अर्थांची रांगच उभी असते : भार, कार्यभार, आरोप, आकार, शुल्क, बोजा, हल्ला, ताबा, प्रभार. यातील कोणता शब्द उचलावयाचा? घाईत पहिला दिसेल तो उचलला जातो आणि पत्र रवाना होते. ते ज्याच्या हाती पडते, त्याच्यावर त्या एका शब्दाचे काय परिणाम होतात, हे मात्र पाठविणाऱ्यास कधी कळत नाही. म्हणून या शब्दाची थोडी चौकशी करणे अगत्याचे आहे.

प्रथम त्याचे कुळ पाहू. ‘चार्ज’ हा शब्द मुळात गाडीवानाचा आहे. लॅटिन भाषेत ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झाले. अर्थ, गाड्यावर माल लादणे. फ्रेंच भाषेच्या मार्गाने ते इंग्रजीत आले आणि ‘चार्ज’ झाले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे. व्यंगचित्रास ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही याच घराण्यातले. नाकाडोळ्यांवर जादा ओझे लादून काढलेले चित्र ते व्यंगचित्र.

गोमंतकात या कुळाची दुसरी शाखा साडेचारशे वर्षे नांदून गेली. पोर्तुगीज भाषेत ‘कार्गा’ म्हणजे ओझे आणि ‘कार्गु’ म्हणजे अधिकारपद. गव्हर्नर नसताना जो कारभार पाहावयाचा, त्यास ‘एंकार्रेगादु’ म्हणत. म्हणजे ज्याच्या शिरावर भार दिला आहे असा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, कचेऱ्यांतील भाषा बदलली, परंतु पद म्हणजे ओझे ही कल्पना जुन्या शब्दातही होती आणि नव्या शब्दातही होती.

हीच कल्पना मराठीलाही परकी नाही. संस्कृत ‘भृ’ म्हणजे वाहणे, पोसणे. त्यापासून ‘भार’ आणि ‘भरण’ हे शब्द झाले. इंग्रजीतील ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ हे शब्दही त्याच प्राचीन धातूशी नाते सांगतात. फारसीत ओझ्यास ‘बार’ म्हणतात. माल भरण्याचे ‘बारदान’ त्यातूनच आले, आणि मराठ्यांच्या लष्करात सरकारी घोड्यावर चाकरी करणारा ‘बारगीर’ही मूळ अर्थाने ओझे वाहणाराच होय. तात्पर्य, गाड्यावरचे ओझे माणसाच्या शिरावर आले, म्हणजे त्याचे कर्तव्य होते, देणे होते किंवा आरोप होतो, हे लॅटिन बोलणाऱ्यांना जसे सुचले तसे या देशातल्या लोकांनाही सुचले.

असे आहे तर मराठीत अडचण कोठे येते? अडचण अशी की, इंग्रजीने सर्व ओझी एकाच पोत्यात भरली. मराठीने मात्र प्रत्येक ओझ्यास निराळे नाव दिले. ही मराठीची श्रीमंती आहे. पण ती वापरणाऱ्याने जाणून वापरावी लागते. काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण जमिनीचे. शेतकऱ्याने सोसायटीचे अथवा बँकेचे कर्ज काढले की, त्याच्या जमिनीवर ‘चार्ज’ बसतो. महाराष्ट्रातील सातबाराच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या सदरात त्याची नोंद होते, आणि खेड्यातील लहान मूलही त्यास ‘बोजा’ म्हणते. किती नेमका शब्द! गंमत अशी की, त्याच उताऱ्यात ‘आकार’ असाही एक शब्द असतो. तो जमीन महसुलाच्या आकारणीचा. सरकारने लावलेले देणे तो आकार, आणि कर्जापोटी बसलेले देणे तो बोजा. इंग्रजीत दोहोंस ‘चार्ज’ म्हणता येईल. मराठी उताऱ्याने त्यांची गल्लत होऊ दिली नाही.

परंतु हेच प्रकरण पत्रात आले की गडबड होते. ‘जमिनीवर आरोप आहे’ असे कोणी लिहिले, तर वाचणारा हसेल आणि विसरेल. अशी चूक निरुपद्रवी असते, कारण ती लगेच दिसते. ‘आपली जमीन गहाण आहे’ असे लिहिले, तर मात्र ती चूक दिसत नाही आणि म्हणूनच ती घातक ठरते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाण आणि बोजा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध दुसऱ्याकडे जातो. बोज्यात तसे काही जात नाही. त्या मालमत्तेतून आपले पैसे वसूल करून घेण्याचा हक्क तेवढा मिळतो. समजा, एका वृद्ध शेतकऱ्याने कर्ज फेडले. कचेरीतून आलेल्या पत्रात ‘गहाण’ हा शब्द वाचून तो गहाणखत शोधीत हिंडू लागला, तर त्यास ते मिळणार कोठून? ते झालेलेच नाही. त्यास हवी आहे ती बोजा कमी केल्याची नोंद. ती करून घ्यावयाची आहे हे त्यास कोणी सांगितले नाही, तर कर्ज फिटूनही उताऱ्यावरचा बोजा तसाच राहील, आणि मुलीच्या लग्नासाठी अथवा मुलाच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकावयास काढला की, गिऱ्हाईक उतारा पाहून परत जाईल. एका शब्दाच्या चुकीची किंमत अशी असते, आणि ती चूक करणारा ती भरीत नाही.

दुसरे उदाहरण शिस्तीचे आणि न्यायाचे. येथे ‘चार्ज’ म्हणजे आरोप. भारतीय संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदात असे सांगितले आहे की, शासकीय सेवकास बडतर्फ करण्यापूर्वी, पदावरून दूर करण्यापूर्वी किंवा पदावनत करण्यापूर्वी, काही अपवाद वगळता, चौकशी झाली पाहिजे. त्या चौकशीत त्यास त्याच्यावरील आरोप कळविले पाहिजेत आणि त्या आरोपांविषयी आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. ‘कळविले पाहिजेत’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. ज्याला आरोपाची भाषाच उमगली नाही, त्याला आरोप कळविले असे कसे म्हणावे?

फौजदारी कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहावा, असे बंधन होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. दोषारोप आरोपीस वाचून दाखवावा आणि समजावून द्यावा, असेही कायदा सांगतो. केवळ वाचून दाखविणे कायद्यास पुरेसे वाटले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच ठिकाणी प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांकडून वारंवार एक घोटाळा होतो. पोलिसांनी तपास पुरा करून न्यायालयात अहवाल सादर केला की, त्यास बोलीभाषेत ‘चार्जशीट’ म्हणतात. मराठीत ‘आरोपपत्र’ किंवा ‘दोषारोपपत्र’. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहते आणि खटला चालविण्याजोगा आहे असे वाटल्यास दोषारोप निश्चित करते. पहिले काम पोलिसांचे, दुसरे न्यायालयाचे. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘चार्ज’ असल्यामुळे प्रसिद्धिपत्रकात ‘न्यायालयाने आरोपपत्र ठेवले’ असे काहीतरी छापून जाते, आणि गावात बोभाटा होतो की न्यायालयाने अमक्यास दोषी धरले. दोषारोप निश्चित होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. पुराव्याअभावी न्यायालयाने एखाद्यास खटल्यापूर्वीच आरोपातून सोडले, तर इंग्रजीत त्यास ‘डिस्चार्ज’ म्हणतात. खटला पुरा चालून निर्दोष सुटणे ही त्याहून वेगळी गोष्ट. माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो तेथे हे भेद शाब्दिक कसरत म्हणून सोडून देता येत नाहीत.

तिसरे उदाहरण पैशाचे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात काही खर्च ‘एकत्रित निधीवर चार्ज्ड’ असा दाखविलेला असतो. मराठीत त्यास ‘भारित खर्च’ म्हणतात. उरलेला तो ‘दत्तमत’. राज्यपालांचे वेतन व भत्ते, विधानसभेच्या अध्यक्षांचे आणि उपाध्यक्षांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरील व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे द्यावयाची रक्कम, असा हा खर्च असतो. संविधानाच्या २०२ व्या आणि २०३ व्या अनुच्छेदांत त्याची व्यवस्था आहे. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, पण मत घेतले जात नाही. का? न्यायाधीशांचे वेतन बहुमताच्या मर्जीवर राहू नये आणि घेतलेल्या कर्जाचे देणे मताने बुडू नये, म्हणून. हे ओझे राज्याच्या तिजोरीवर संविधानाने स्वतः लादले आहे. ‘चार्ज्ड’ म्हणजे ‘आकारलेला’ असे समजून कोणी ‘शासनाने आकारलेला खर्च’ असे भाषांतर केले, तर एका मोठ्या घटनात्मक संरक्षणाची वसुलीची पावती होऊन जाईल.

चौथे उदाहरण रस्त्यावरचे. बंदुकीत दारू ठासणे यासही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणतात. मराठीत बार भरतात. त्याच लष्करी वापरातला ‘चार्ज’ म्हणजे शत्रूवर तुटून पडणे. ‘लाठीचार्ज’ हा शब्द तेथून आला. मराठीने ‘लाठीमार’ असा स्वतःचा शब्द घडविला, आणि तो प्रामाणिक आहे. त्यात मार आहे हे तो लपवीत नाही. इंग्रजीतील ‘माइल्ड’ या विशेषणाचे भाषांतर करून प्रसिद्धिपत्रकांत ‘सौम्य लाठीमार’ लिहिण्याची प्रथा पडली. ज्याच्या पाठीवर लाठी बसली, त्यास तिची सौम्यता पटविणे कठीण आहे. किती वेळ, कोठे, कशामुळे आणि किती जखमी, एवढे सांगितले म्हणजे विशेषणाची गरज उरत नाही.

शेवटचे उदाहरण ‘चार्ज’च्या उलट शब्दाचे. ओझे लादणे तो ‘चार्ज’, तर उतरविणे तो ‘डिस्चार्ज’. रुग्णालयातून रुग्णास घरी सोडतात तो डिस्चार्ज, सैनिकाची सेवामुक्ती तो डिस्चार्ज, जखमेतून वाहणारा स्राव तो डिस्चार्ज, आणि धरणाच्या दरवाजांतून नदीत सोडलेले पाणी तोही डिस्चार्ज. या शेवटच्या अर्थी मराठीत ‘विसर्ग’ हा शब्द रूढ झाला आहे. पाटबंधारे खात्याच्या कागदपत्रांत तो योग्यच आहे. परंतु पावसाळ्यात, मध्यरात्री, नदीकाठच्या गावासाठी निघणाऱ्या सूचनेत ‘विसर्गात वाढ करून तो अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे’ एवढेच लिहिले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबे, हे त्याने शाळेत शिकलेले असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यास सांगावयाचे आहे ते इतकेच : ‘धरणातून आणखी पाणी सोडत आहोत. पहाटेपर्यंत नदी चढेल. काठावरची गुरे आणि मोटारी आत्ताच वर आणा. पात्रात उतरू नका.’ येथे पर्यायी शब्दाची निवड हा केवळ भाषेचा प्रश्न उरत नाही. माणसे आणि जनावरे वाचतात की नाही, इतका तो मोठा होतो.

मग योग्य शब्द निवडावा कसा? राज्यकारभाराच्या शब्दांची काळजी वाहणे ही या मुलखातली जुनी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंडितांनी फारसी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ सिद्ध झाला. कारभाराच्या इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत आणि इतर भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानेही परिभाषेचे कोश तयार केले. गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी लिपीतील कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय प्रयोजनांसाठी मराठीच्याही वापराची तरतूद केली. शब्द आहेत, कोश आहेत, कायद्याचा आधारही आहे. उणीव असते ती लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची.

त्या क्षणात तीन प्रश्न विचारावेत. ओझे कशाचे आहे? ते कोणाच्या शिरावर आहे? आणि ते उतरणार कसे? ओझे कामाचे असेल आणि अधिकाऱ्याच्या शिरावर असेल, तर तो कार्यभार. दुसऱ्याच्या हाती सोपविला की उतरतो. ओझे कर्जाचे असेल आणि जमिनीवर असेल, तर तो बोजा. फेड आणि नोंद झाली की उतरतो. ओझे दोषाचे असेल, तर तो आरोप. उत्तर आणि निकाल झाला की उतरतो. ओझे सेवेच्या मोबदल्याचे असेल, तर तो आकार किंवा शुल्क; पैसे भरले की उतरते. ओझे संविधानाने तिजोरीवर ठेवलेले असेल, तर तो भारित खर्च. ते मतदानाने उतरत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की, योग्य शब्द बहुधा आपोआप समोर येऊन उभा राहतो. उत्तरे मिळाली नाहीत, तर लेखकास मूळ पत्रच समजलेले नाही असे खुशाल धरावे आणि ज्याने ते लिहिले त्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी मराठी शब्दाचा हट्ट धरावा असा नव्हे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युत प्रभार’ शोभतो. पण प्रतीक्षालयातील फलकावर ‘येथे भ्रमणध्वनी प्रभारित करावा’ असे लिहिले, तर प्रवासी फलक वाचून दुसरी जागा शोधील. तेथे ‘मोबाइल चार्ज करण्याची सोय’ हेच चांगले मराठी. जो शब्द लोकांनी घरात घेतला, त्यास कचेरीने दाराबाहेर उभे करू नये. आणि ‘बोजा’सारखा जो शब्द लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपला, त्यास अवघड संस्कृत शब्दाखाली गाडूही नये.

एक साधी गोष्ट प्रत्येक शाखेस करता येईल. वारंवार येणाऱ्या अशा अनेकार्थी इंग्रजी शब्दांची एक वही ठेवावी. तीत नुसते प्रतिशब्द लिहू नयेत. प्रत्येक अर्थासमोर त्या शाखेच्या खऱ्या पत्रातील एकेक पूर्ण वाक्य लिहावे. ‘बोजा’ या शब्दापुढे ‘कर्ज फिटल्यामुळे आपल्या जमिनीवरील बोजा कमी करण्यात आला आहे’ असे वाक्य असले की, नवा कारकूनही चुकणार नाही. बदली झाली म्हणजे कपाटांच्या किल्ल्या आणि नस्त्यांची यादी यांच्याबरोबर ती वहीही पुढच्याच्या हाती द्यावी. कार्यभार सोपविताना भाषेचाही भार सोपविला जावा.

कारण शासनाचे पत्र हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने स्वतःच एक ओझे असते. साधा माणूस सरकारी लखोटा हाती आला की तो फोडण्याआधी थोडा घाबरतो. कोणाकडून तरी तो वाचून घेतो. पुन्हा पुन्हा घडी उलगडून पाहतो. त्या पत्रातील शब्द नेमका असेल, तर त्याला आपण काय करावयाचे ते समजते आणि तो निश्चिंत होऊन कामाला लागतो. शब्द चुकला, तर तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालतो. हे हेलपाटे वाचविणे लिहिणाऱ्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी त्यास पदरचे एका मिनिटापलीकडे काही खर्चावे लागत नाही. ते मिनिट प्रत्येक पत्रासाठी राखून ठेवावे, एवढीच या प्रसंगी उपस्थितांना विनंती आहे.